चार वाजायचे होते

एडमंटनला ज्यांच्या बेसमेंटमध्ये मी तीन हिवाळे काढले, त्या काकांना मी कधीही डुलकी घेताना पाहिलं नाही. दुपारच्या जेवणानंतर नाही, टीव्हीसमोर नाही. कोक्विटलामला मुलाकडे बारा तास गाडी चालवत गेल्यावरसुद्धा नाही, असं काकू सांगत. खुर्चीत बसले तरी पाठ टेकत नसत. सकाळी एलआरटीत, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, सगळा डबा पेंगत असायचा आणि काका परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरसारखे ताठ. शेजारचा अनोळखी माणूस पेंगून खांद्यावर कलंडला, तर त्याला हलवून म्हणत, "सर, युवर स्टॉप?" त्याचा स्टॉप अजून आठ स्टेशनं लांब असे.

मी खोली बघायला गेलो तो दिवस आठवतो. स्वयंपाकघरात भिंतीवर तीन घड्याळं होती. एकाखाली मार्करने 'इथे' लिहिलं होतं, दुसऱ्याखाली 'घर', तिसऱ्याखाली 'आपली'. 'इथे' म्हणजे एडमंटन. 'घर' म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव, जिथे इतक्या वर्षांत ते फक्त चार वेळा जाऊन आले होते. आणि 'आपली' म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली एक जर्मन पाणबुडी.

"जर्मन पाणबुड्यांना नाव नसायचं, नुसता आकडा," काका म्हणाले. तो आकडा ते कधी उच्चारत नसत. "जगात कुठेही असली तरी तिची नोंदवही जर्मनीच्या वेळेवर. अटलांटिकमध्ये असो की अरबी समुद्रात. नियम म्हणजे नियम."

काकू चहा ओतत होत्या. म्हणाल्या, "घाबरू नकोस रे. बाकी सगळं नॉर्मल आहे. घर गरम ठेवणारी फर्नेस खालीच आहे, तिचा फिल्टर तेवढा दर महिन्याला बदल, नाहीतर यांच्या पाणबुडीत प्राणवायू कमी पडतो."

मी खोली घेतली. मी विम्याच्या कंपनीत आकडेमोड करणारा माणूस. दर महिन्याला फिल्टर बदलायला लावणारा घरमालक मला बरा वाटला.

त्या पाणबुडीच्या कॅप्टनने लिहिलेली नोंदवही काकांनी एका अभिलेखागारातून फिल्मवर मिळवली होती. पानं टाइप केलेली होती, पण जर्मनमध्ये. म्हणून काका दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला गेले आणि जर्मन शिकले. जर्मनमध्ये त्यांना कॉफी मागता येत नसे. 'उजव्या डिझेलचा पंप निकामी' हे मात्र अस्खलित यायचं. मग आलेखवहीच्या चौकटीत एकेक अक्षर बसवत त्यांनी सगळ्याचं मराठी केलं. अशा अकरा वह्या. इंग्रजीत का नाही केलं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बाबांना इंग्रजी येत नव्हतं." बाबा जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

रोज सकाळी त्या तारखेचं पान वाचल्याशिवाय ते दाढीला बसत नसत. बाहेर उणे तीस असायचं, मी अंगणातला बर्फ शोव्हल करून नाकाला हात लावत आत यायचो, आणि काका चष्मा वर करून बातमी द्यायचे.

"आज आपण पाण्याखाली आहोत. पावांना बुरशी आलीय. एका खलाशाच्या मानेवर गळू."

"शत्रू?"

"कुठला शत्रू? अकरा दिवसांत एक मासेमारीची बोट दिसली, तीही पोर्तुगीज."

पाणबुडीच्या सगळ्या आयुष्याचा हिशेब असा होता : चार सफरी. पहिली उत्तर अटलांटिकमध्ये, हात हलवत परत. दुसरी न्यूफाउंडलंडच्या धुक्यापर्यंत, तीही तशीच. तिसरीत निम्म्या वाटेतून दुरुस्तीला माघारी. चौथीत आफ्रिकेला वळसा घालून अरबी समुद्र, आणि तिथे एक जहाज बुडवलं. एकच. त्यानंतर बंदरात उभी असताना बॉम्ब पडून ती स्वतःही बुडाली. आत कोणी नव्हतं. "युद्ध म्हणजे मुख्यतः गळती," काका म्हणायचे. "पाण्याची, तेलाची, नाकाची."

एका गणेशोत्सवात तिथल्या मराठी मंडळाने 'माझा छंद' म्हणून त्यांना दहा मिनिटं दिली. लोकांना वाटलं, टॉर्पेडो, स्फोट, काहीतरी थरारक. काकांनी सलग चार दिवसांच्या नोंदी वाचल्या, ज्यांत काहीही घडत नाही. तिसऱ्या दिवशी पहिल्या रांगेतल्या एका डॉक्टरांची मान पुढे आली. काका वाचायचे थांबले, स्टेजवरून उतरले, डॉक्टरांना खांद्याला धरून हलवलं, "डोळे उघडे ठेवा साहेब," असं म्हणाले, परत वर गेले आणि डाव्या इंजिनाच्या व्हॉल्व्हपासून पुढे वाचू लागले. परत येताना गाडीत काकू म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मोदकाच्या रेसिपीवर बोला. निदान लोक जागे राहतील."

त्या वह्या मी दोनदा वाचल्या. माझी एक सवय आहे, पानांचे आकडे आपोआप मोजले जातात. नवव्या वहीत चारशे बारानंतर एकदम चारशे चौदा होतं.

"काका, चारशे तेरा?"

"ते बाकी आहे," ते म्हणाले, आणि उठून फिल्टर बघायला गेले. फिल्टर मी आदल्याच दिवशी बदलला होता.

त्या पानाची जी तारीख, त्या दिवशी दरवर्षी ते सकाळीच घराबाहेर पडत. एलआरटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात, परत येत, पुन्हा जात. दुसऱ्या वर्षी त्या दिवशी काकूंनी मला वर बोलावलं, समोर पोह्यांची बशी ठेवली आणि सगळं सांगितलं.

काकांचे वडील मालवाहू जहाजावर खलाशी होते. त्याच जहाजावर त्यांच्या गावचे आणखी दहा जण. वडिलांचा पहारा पहाटे चार ते आठ : जहाजाच्या नाकाशी उभं राहून समुद्रावर नजर ठेवायची. एका रात्री काकांच्या ह्याच पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि जहाज बुडालं. गावातले नऊ जण गेले. दोघं परत आले, काकांचे वडील आणि जहाजावरचा आचारी.

"बाबा एवढंच म्हणायचे, 'चार वाजायचे होते.' म्हणजे पहारा सुरू झाला नव्हता, ते खाली झोपलेले होते, हक्काने झोपलेले होते," काकू म्हणाल्या. "पण आचाऱ्याच्या खिशात घड्याळ होतं. त्याने पाण्यात उडी मारली तेव्हा ते बंद पडलं. पाच एक्केचाळीसला. त्याने ते घरी खुंटीला टांगून ठेवलं होतं. सगळ्या गावाने येऊन पाहिलं. पाच एक्केचाळीस म्हणजे पहाऱ्यावर बाबाच. मग पाणबुडी दिसली कशी नाही? झोपला असणार. नऊ माणसं ह्याच्या झोपेने गेली."

"आचारी खोटं बोलत असेल."

"तो कशाला खोटं बोलेल? हे कॉलेजात असताना स्वतः जाऊन त्याला भेटले. म्हातारा रडला. म्हणाला, बाळा, घड्याळाला मी हात लावला नाही, मुलांची शपथ." काकूंनी माझ्या बशीत आणखी पोहे वाढले. "बाबांनी पुन्हा कधी जहाज पाहिलं नाही. जाळी दुरुस्त करत बसायचे. लोक त्यांना डुलक्या म्हणायचे. आणि शाळेत हे डुलक्याचा पोर. त्या पानावर टॉर्पेडोची वेळ असणार, मिनिटासकट. हे त्या पानासाठी जर्मन शिकले आणि तेच पान ह्यांनी पाकिटात घालून चिकटवून ठेवलंय."

मग मला दूर पूर्वेकडे मिल्टनमध्ये नोकरी मिळाली आणि मी गेलो. लग्न झालं, घर झालं. फर्नेसचा फिल्टर दर महिन्याला बदलतो आणि तारीख फर्नेसवरच लिहितो, हे काकांकडून आलेलं. दिवाळीला फोन व्हायचा, मधूनच काकांचं पाणबुडीबद्दलचं पत्र यायचं. तशी सतरा वर्षं गेली.

गेल्या उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. घर विकून दोघं कोक्विटलामला मुलाजवळ कॉन्डोत जाणार होते. "आणि गावाहून पुतण्याचं पत्र आलंय. जेटीवर दगड बसवतायत, त्या जहाजावरच्या गावच्या माणसांची नावं कोरणार. नऊ जणांची तर आहेतच, आचाऱ्याचंही आहे. बाबांच्या नावाचं काय, हे तुम्हीच ठरवा, असं लिहिलंय. नऊ घरांचे वारसही म्हणाले, तो सांगेल ते खरं. आता हे रात्रभर जागे. बोल त्यांच्याशी."

काका फोनवर आले. आवाज जुनाच, खाडीवरून हाक मारल्यासारखा. "पान तुला पाठवलंय. मी उघडणार नाही, माझा हात हलेल. आकडे तुझे. चारच्या आधी आलं तर नाव घाला म्हणून कळवतो. चारच्या नंतर आलं तर नको म्हणून मीच कळवीन. आणि एक लक्षात ठेव, गोड करून सांगू नकोस."

पाकीट चौथ्या दिवशी आलं. आत एकच पान. टाइप केलेलं, अक्षरं पुसट. मला जर्मन येत नाही, पण टॉर्पेडो हा शब्द कुठल्याही भाषेत कळतो. त्या ओळीच्या सुरुवातीला वेळ होती : एक वाजून चार मिनिटं. मी फोनच्या कॅमेऱ्याने तेवढी ओळ भाषांतरित करून घेतली. एक टॉर्पेडो, एक जहाज. बरोबर.

आता जर्मन वेळेवरून इकडची वेळ काढायची. त्या उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ एक तास पुढे केलेलं होतं. युद्धामुळे भारताचंही तासभर पुढे होतं, तेही मी तपासलं. फरक साडेचार तासांचा. एक चारमध्ये साडेचार तास मिळवले : पाच चौतीस. पुढे सात मिनिटांत आचारी पाण्यात. पाच एक्केचाळीस. खुंटीवरच्या घड्याळाशी मिनिट न् मिनिट जुळलं.

मी तीनदा बेरीज केली. माझ्या नोकरीत दोन स्वतंत्र आकडे असे जुळले की फाइल बंद करतात. त्या दिवशी मला ती जुळणी नको होती, पण गोड करून सांगायचं नव्हतं.

"काका, पाच चौतीस."

फोनवर फक्त फ्रीजची घरघर ऐकू येत होती.

"म्हणजे आचारी खरं बोलला," काका म्हणाले.

"हो."

"बरं झालं. त्याच्यावर उगाच संशय घ्यायचो मी." मग म्हणाले, "दगड कोरायला दोन महिने आहेत. सावकाश लिहितो पुतण्याला. तू जेवलास का?"

पुढचे आठ दिवस माझं घरात लक्ष नव्हतं. बायको म्हणाली, तुझी चूक नाही, तू फक्त बेरीज केलीस. तेच मला टोचत होतं. एका म्हाताऱ्या माणसाच्या बापाचं नाव मी बेरीज करून पुसलं होतं.

तेव्हा माझी आई भारतातून आमच्याकडे आलेली होती. शनिवारी पानं वाढून मी तिला हाक मारली.

"आई, चल जेवायला. एक वाजला."

आई सोफ्यावर होती. तिने मनगट डोळ्यांजवळ नेलं. "साडेदहा वाजलेत. ही काय जेवायची वेळ आहे?"

"अगं आई, ते तिकडचे. दोन महिने झाले, घड्याळ लाव की इकडच्या वेळेला."

"कशाला? परत जायचंच आहे ना मला? घरी किती वाजलेत ते कळायला नको?"

मी हातात भाताचा डाव घेऊन तसाच उभा राहिलो. मग डाव ठेवला आणि वर गेलो. आई खालून म्हणत होती, "आता हा कुठे चालला? मघाशी एक वाजला म्हणत होता!"

माझी चूक अशी होती : मी जर्मन वेळेची भारतातली वेळ केली. का, तर इतकी वर्षं फोन लावताना मी दुसरं काही केलेलंच नाही. घड्याळ म्हटलं की हात आपोआप भारताच्या वेळेकडे जातो. पण जहाज भारतात नव्हतं. जहाज अरबी समुद्राच्या पश्चिम भागात होतं आणि पहारे बदलतात ते जहाजाच्या घड्याळावर. काकांच्या भिंतीवर तीन घड्याळं होती. त्यांत जहाजाचं कधीच नव्हतं.

टॉर्पेडोच्या ओळीतच जागेची खूण होती. जर्मन लोक समुद्राचे चौकोन पाडून त्यांना क्रमांक देत. काकांच्या एका जुन्या पत्रात त्याचा तक्ता होता. चौकोन साठाव्या रेखांशाच्या आसपास निघाला. दर पंधरा अंशांना एक तास, म्हणजे जहाजाचं घड्याळ जर्मन घड्याळाच्या दोन तास पुढे. एक चार अधिक दोन. तीन वाजून चार मिनिटं.

ह्या वेळी मी एका ओळीवर थांबलो नाही. पहिल्यांदा थांबलो होतो, ही माझी दुसरी चूक. पान अर्धं वाचून आकडा काढू नये. खालच्या ओळीही कॅमेऱ्याला दाखवल्या. शेवटून तिसरी नोंद, जर्मन वेळेने तीन चाळीसची : 'उजाडू लागलं. दिवसभरासाठी पाण्याखाली.' म्हणजे टॉर्पेडोनंतर अडीच तासांहून जास्त वेळाने उजाडलं. आचाऱ्याचं घड्याळ जहाजाच्या वेळेवर असतं, तर टॉर्पेडो पाच चौतीसचा धरून त्या दिवशी त्या समुद्रात सकाळी आठ दहाला उजाडलं असतं. ते शक्य नाही. त्याचं घड्याळ माझ्या आईसारखं होतं. मुंबईच्या गोदीत लावलेलं, आणि मग त्याने शपथेवर सांगितल्याप्रमाणे त्याला हात लावला नव्हता.

जहाजाच्या घड्याळात अर्धा तास इकडेतिकडे धरला, तरी तीन चौतीस होतात. चार वाजत नाहीत.

मी फोन लावला तेव्हा आमच्याकडे तीन वाजून गेले होते, एडमंटनला एक. काकूंनी उचलला. मागे खोक्यांना टेप लावल्याचा आवाज येत होता.

"काकू, पुतण्याला पत्र गेलं का?"

"लिहून तयार आहे. सोमवारी टाकायचं. का रे?"

"टाकू नका. काकांना द्या."

काकांना मी आधी माझी चूक सांगितली, मग आकडा. ते म्हणाले, "पुन्हा मोज."

मी पुन्हा मोजलं, मोठ्याने. ते प्रत्येक आकडा माझ्यामागून म्हणत होते.

"अर्धा तास धर चुकीचा."

"धरला. तीन चौतीस."

"उजाडल्याची ओळ वाच."

वाचली. मग त्यांनी ती जर्मनमध्ये अक्षर अक्षर सांगायला लावली आणि स्वतः अर्थ लावला. कॅमेऱ्याने बरोबर सांगितलं होतं.

"मेल्या," काका म्हणाले, "आठ दिवस मला आठ वर्षांचे गेले."

"काका, माफ करा."

"माफ काय करायचं? आचाऱ्याने केलं तेच तू केलंस." मला वाटलं, ते भिंतीकडे बघत असावेत. "मीसुद्धा. घर, घर म्हणून घड्याळ लावून बसलोय इतकी वर्षं. पण ऐक, पुतण्याला सांगताना आचाऱ्याला खोटा म्हणायचं नाही हां. त्याचं घड्याळ घरच्या वेळेवर होतं, एवढंच सांगायचं. दोघेही खरं बोलले."

"हो काका."

"आत्ता लावला असता फोन. पण तिकडे मध्यरात्र होऊन गेली. झोपू दे त्यांना. उठल्यावर सांगू."

मग ते थांबले. मला वाटलं, रडतायत, म्हणून मी गप्प राहिलो. मिनिटभराने फोनमधून एक लांब, संथ घरघर आली. आधी मला फ्रीजच वाटला.

"अरे," काकू कुजबुजल्या. त्यांनी फोन घेतला होता. "हे झोपले. बसल्या बसल्या. पाठ टेकून." त्यांचा आवाज हसायचा की रडायचा ते कळत नव्हतं. "तोंड उघडं आहे रे. हलवू का?"

"नको काकू. त्यांचा स्टॉप अजून लांब आहे."

दगड बसला. पुतण्याने फोटो पाठवला. अकरा नावं आहेत, बाबांचं शेवटून दुसरं, आचाऱ्याच्या वर. काकांनी मात्र मला वेगळाच फोटो पाठवला, नवव्या वहीत नव्याने चिकटवलेल्या पानाचा. पान चारशे तेरा. चौकटीत एकेक अक्षर बसवलेलं, सगळ्या ओळींचं मराठी, टॉर्पेडोपासून उजाडण्यापर्यंत. हात कुठे हललेला नव्हता. आणि खाली, जिथे जर्मन कॅप्टनची नोंद संपते, तिथे काकांची स्वतःची एक ओळ होती.

'एडमंटन. दुपारी १:२० ते २:००. झोपलो. पहारा नव्हता.'